खिडकीचा गाल, दाराचा गाल

माझ्या धाकट्या दिराच्या चेहऱ्याला दोन वयं होती. एका बाजूने पाहिलं तर पन्नाशीतला, नीटनेटका, जरा मिश्कील गृहस्थ. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर त्याच गृहस्थाचे वडील.

भावोजींनी उभा जन्म बस चालवली. ड्रायव्हरची एक बाजू कायम खिडकीला असते आणि दुसरी दाराला. खिडकीतून ऊन येतं, दारातून प्रवासी. खिडकीकडचा गाल काळवंडला, जाड झाला, त्यावर आडव्याउभ्या रेघांचं जाळं पडलं, डोळ्याखालची कातडी पिशवीसारखी लोंबू लागली. दाराकडचा गाल मात्र तुळतुळीत राहिला. प्रवाशांमुळे सुरकुत्या पडत असत्या, तर दोन्ही गाल कधीच सारखे झाले असते, असं ते म्हणत.

डेपोतल्या मेकॅनिकांनी त्यांना नाव ठेवलं होतं, ‘बापलेक’. “बापलेक आले का रे ड्युटीवर?” असं कोणी ओरडलं, की भावोजी वर्कशॉपात शिरताना आधी लेकाची बाजू दाखवायचे आणि बाहेर पडताना बापाची. स्वतःवरचा विनोद त्यांना चालायचा. निदान तेव्हा चालायचा.

जाऊबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावरची खोली त्यांची, आणि जेवण वर माझ्याकडे. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे यजमान, गेल्यावर आम्ही दोघं एकाच टेबलावर बसून जेवणारी दोन एकटी माणसं उरलो. सोबतीला भावोजी चांगले होते. भांडी विसळायचे, विजेचे दिवे बदलायचे, न मागता सल्ला द्यायचे नाहीत. एकच खोड होती. दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय स्वस्थ बसत नसे. पुढे कोणी आडवं आलं की हे मागच्या सीटवर बसून करकचून ब्रेक दाबायचे. माझ्या लेकीच्या गाडीतल्या पायपुसण्याला त्यांनी भोक पाडलं होतं.

निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, “वहिनी, एक विचारायचं होतं.”

“विचारा की.”

“एखादी बाई गाव सोडून कायमची जाणार असेल, तर जाण्याआधी तिला चहाला बोलावणं बरं दिसतं का?”

“कोण बाई?”

“उदाहरणार्थ म्हटलं.”

“बरं. हे उदाहरण नोकरी कुठे करतं?”

भावोजींनी ताटातल्या भाताचा डोंगर केला, मग तो सपाट केला. “बसस्थानकात,” ते म्हणाले. “कंट्रोलरबाई.”

कंट्रोलरबाईंचं नाव मी पूर्वी ऐकलं होतं. फलाटाच्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये बसून त्या गाड्यांच्या वेळा नोंदवायच्या आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या. भावोजींची गाडी नेहमी केबिनला लागूनच उभी राहायची, दार बरोबर केबिनच्या काचेसमोर. भावोजींनी दारातून कागद पुढे करायचा, बाईंनी शिक्का मारायचा. “आज उशीर,” बाई म्हणायच्या. “पुलावर गर्दी,” हे सांगायचे. एवढंच. वर्षानुवर्षं दोघांत एवढंच बोलणं, आणि एवढ्या भांडवलावर हा माणूस मनातल्या मनात संसार मांडून बसला होता.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावांची शिक्षणं, त्यांची घरं, यातच त्यांची वर्षं गेली. आता त्याही निवृत्त होत होत्या आणि मधला भाऊ त्यांना आपल्या गावी घेऊन जाणार होता. एकदा त्या गेल्या की संपलं, हे भावोजींना कळत होतं. मलाही.

“बोलवा,” मी म्हटलं. “मी घरात आहेच, लोक काय म्हणतील याची काळजी नको.”

बाई आल्या. उंच, ताठ, गोल भिंगांचा चष्मा, हातात छत्री. बोलणं स्वच्छ आणि ठाशीव, प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत नेणारं. मला त्या पाहताक्षणी आवडल्या. आणि भावोजी? भावोजींनी सकाळपासून माझी बैठकीची खोली ढवळून काढली होती. खुर्च्या सरकवल्या, दिवाण फिरवला, पडदा एका बाजूने पिनांनी बंद केला. बाई बसल्यावर स्वतः तिरक्या खुर्चीत असे बसले, की त्यांचं तोंड सरळ माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे. बाईंनी विचारलं, “प्रकृती कशी आहे?” भावोजी कपाटाला म्हणाले, “उत्तम.” बाई म्हणाल्या, “निवृत्तीनंतर वेळ जातो का?” भावोजींनी कपाटाला सांगितलं, की जातो. बाई मान वाकडी करून त्यांच्या समोर यायला बघायच्या, हे आणखी वळायचे. चहा संपेपर्यंत ते जवळजवळ भिंतीकडे तोंड करून बसले होते. वर्गात शिक्षा झालेली मुलं अशी बसायची, हे मला आमच्या शाळेतलं आठवतं.

मी बाईंना दारापर्यंत पोचवायला गेले. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, “एक विचारू? तुमच्या दिरांना माझ्याशी बोलायचं होतं, की तुमच्या कपाटाशी?”

“कपाट जुनं आहे,” मी म्हटलं. “त्यांची जास्त ओळख आहे.”

बाई हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. “मी भावाकडे जाण्याआधी अजून एकदा येईन,” त्या म्हणाल्या. “येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. त्यांना काही सांगायचं असेल तर माझ्याकडे बघून सांगू देत. नाहीतर मी समजून जाईन. या वयात मला कोणाचं न बोलणं ओळखत बसायचं नाही.”

मी आत आले आणि भावोजींना धारेवर धरलं. “अहो, तो काय प्रकार होता? त्या बिचाऱ्या दोन बसेस बदलून आल्या, आणि तुम्ही त्यांना तुमचा कान दाखवलात!”

“दाराचा गाल दाखवला,” ते म्हणाले. आपल्या गालांना ते असंच म्हणायचे, एक खिडकीचा, एक दाराचा. “वहिनी, तुम्हाला कळत नाहीये. बाईंनी जन्मभर दाराचाच गाल पाहिलाय. गाडी लागली की दार त्यांच्या समोर. त्यांना वाटतं मी असाच आहे. दोन्हीकडून.”

“आणि तुमच्या निरोपसमारंभाला? तेव्हा समोर आला असाल की.”

“तेव्हा मी रांगेच्या टोकाला उभा होतो. खिडकी भिंतीला टेकवून.”

मी कपाळावर हात मारला. या माणसाने रात्रीअपरात्री घाटातून गाडी उतरवली, दंगलीत दगड झेलले, आणि एका छत्रीवाल्या बाईसमोर अर्ध्या चेहऱ्याने बसायचं ठरवलं.

शनिवारी माझी लेक घरी आली. ती विद्यापीठात पेशींवर काम करते. माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या थाळीत वाढवायच्या, त्यांच्या डीएनएला मुद्दाम इजा करायची, आणि त्या ती इजा कशी दुरुस्त करतात, वय वाढलं की दुरुस्ती कुठे कमी पडते, हे बघायचं, असं तिचं काम. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा भावोजी म्हणाले होते, “म्हणजे तू धडधाकट गाडी आधी भिंतीवर ठोकतेस आणि मग गॅरेजला बघायला जातेस?” लेक म्हणाली होती, “बरोब्बर, काका.” तेव्हापासून तिच्या कामाबद्दल त्यांना फार आदर.

त्या शनिवारी मात्र त्यांनी थट्टा केली नाही. खिडकीचा गाल दिव्याखाली धरून म्हणाले, “डॉक्टरीणबाई, हा असा का झाला ते खरं खरं सांग. आणि सारखा कसा करायचा तेही.”

“मी तसली डॉक्टर नाहीये, काका.”

“तसल्या डॉक्टरकडे जायला वेळ नाही. बोल.”

लेकीने सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो, त्यावर अक्षरांत सगळ्या सूचना लिहिलेल्या. त्या धाग्याची रोज हजारो ठिकाणी मोडतोड होत असते, श्वास घेण्यानेसुद्धा. उन्हाने शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशीत दुरुस्तीवाले असतात. ते चिकटलेला तुकडा कापून काढतात आणि नवा बसवतात.

“वर्कशॉप,” भावोजी म्हणाले.

“वर्कशॉप. दिवसरात्र चालू. पण तुम्ही रोज तेच ऊन त्याच गालावर घेतलंत. दुरुस्तीपेक्षा मोडतोड जास्त.”

“काच लावायचो ना मी! उन्हाळ्यात काच बंद.”

“काचेने कातडी भाजणारं ऊन बरंचसं अडतं. आणखी खोल जाणारं एक असतं, ते काचेतून आरपार येतं. चटका बसत नाही, म्हणून कळतही नाही.”

भावोजींनी खिडकीची काच बनवणाऱ्यांचा उद्धार केला. मग विचारलं, “आणि दुरुस्ती नाहीच झाली तर?”

“मग बऱ्याचदा ती पेशी काम थांबवते. मरत नाही, वाढतही नाही. डेपोच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या गाडीसारखी. चालत नाही, भंगारातही जात नाही, आणि उभ्या उभ्या तिचं तेल गळत राहतं. त्या तेलाने आजूबाजूच्या चांगल्या गाड्याही खराब होतात. अशा उभ्या गाड्या जितक्या जास्त, तितकी ती कातडी म्हातारी. म्हणून तुमचं जन्मतारखेचं वय एक, दाराच्या गालाचं वेगळं आणि खिडकीच्या गालाचं आणखी वेगळं. शरीराचं वय कॅलेंडर बघून ठरत नाही, काका. किती मोडलं आणि किती नीट केलं, यावर ठरतं.”

बोलता बोलता तिने त्यांचा कान हलकेच पुढे वाकवला, आणि तिचा आवाज बदलला. “हे काय आहे?”

कानाच्या पुढे, कानशिलावर एक खरखरीत चकती होती. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखी लागायची. मी ती पाहिली होती, पण दाढी करताना कापलं असेल असं वाटलं होतं.

“दाढी करताना कापलं,” भावोजी म्हणाले.

“कधी?”

“झाले काही महिने.”

“काका, काही महिने न भरणारी जखम दाढीची नसते. सोमवारी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. काही गाड्या उभ्या राहत नाहीत. काहींचे ब्रेक जातात. पेशीचे ब्रेक गेले की ती वाढतच सुटते. तो कॅन्सर. तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण दाखवायलाच हवं.”

भावोजींनी कान सोडवून घेतला. म्हणाले, “पुढच्या रविवारनंतर.”

“रविवारनंतर का?”

“डॉक्टर काहीतरी कापणार, वर पट्टी लावणार. बाईंसमोर मी पट्टी घेऊन बसू? आधीच हा गाल असा. त्यात पट्टी. रविवार होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येतो.”

आम्ही दोघींनी खूप समजावलं. ते ढिम्म हलले नाहीत. भावोजी रागावत नसत, भांडत नसत. फक्त हँडब्रेक ओढल्यासारखे बसून राहत. लेक वैतागून परत गेली.

सोमवारी दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर भावोजी भर उन्हात खुर्ची टाकून बसलेले. तोंडाला एका बाजूने टॉवेल गुंडाळलेला, थेट डोक्यावरून हनुवटीपर्यंत गाठ मारून. उघड्या गालाला तेल चोपडलेलं, आणि तो गाल सूर्याकडे केलेला.

“दाढ दुखतेय का?” मी विचारलं.

“हो,” ते टॉवेलातून म्हणाले.

मी खाली येऊन मिठाचं कोमट पाणी केलं आणि वर नेऊन दिलं. त्यांनी गुळण्या केल्या, अगदी मनापासून. मंगळवारी पुन्हा तेच. मी लवंगेचं तेल दिलं. बुधवारी शेजारच्या शिंपीणबाईंनी गच्चीच्या कठड्यावरून विचारलं, “दाढेला ऊन चांगलं असतं का हो?” आणि स्वतःच्या नवऱ्यालाही तसं बसवलं. गुरुवारी मी म्हटलं, दंतवैद्याकडे चला, मी येते बरोबर. तेव्हा भावोजींनी टॉवेल सोडला.

मी किंचाळले नाही, इतकंच. टॉवेलाखालचा खिडकीचा गाल जसाच्या तसा होता. पण दाराचा गाल, तो तुळतुळीत, देखणा, लेकाचा गाल, पिकलेल्या टोमॅटोसारखा लाल झाला होता. नाकाच्या एका बाजूने सालपटं निघत होती. कान सुजला होता.

“हे काय करून बसलात?”

“बरोबरी,” भावोजी म्हणाले. “डॉक्टरीणबाईच म्हणाली ना, एका बाजूला जास्त ऊन लागलं म्हणून हे झालं. आता असं बघा वहिनी, गाडीचे टायर. पुढचे लवकर झिजतात, मागचे कमी. मग आपण काय करतो? नवे घेतो का? नाही. पुढचे मागे टाकतो, मागचे पुढे. झीज सारखी होते. मला गाल काही पुढेमागे करता येत नाहीत. पण ऊन तर या बाजूला आणता येतं.”

“आणि तीस वर्षांचं ऊन तुम्ही चार दुपारींत आणणार होतात?”

“म्हणून तर तेल लावलं,” ते म्हणाले. “जरा लवकर व्हावं म्हणून.”

मी लेकीला फोन लावला आणि भावोजींच्या हातात दिला. लेक काय बोलली ते खोलीभर ऐकू येत होतं. “काका, टायर झिजतो! कातडी झिजत नाही, आतलं लिखाण बिघडतं! झीज इकडून तिकडे देता येत नाही! तुम्ही एका गालाचं नुकसान कमी केलं नाहीत, दुसऱ्या गालाचं नवीन करून ठेवलंत!”

“वर्कशॉप आहे ना दिवसरात्र चालू,” भावोजी दबक्या आवाजात म्हणाले.

“त्या वर्कशॉपच्या फाटकावर तुम्ही चार दिवसांत अख्ख्या शहराच्या गाड्या आणून उभ्या केल्यात! आणि तिथले मेकॅनिक आता साठीचे आहेत, विशीतले नाहीत! जे त्यांना झेपणार नाही ते उद्या सालपट होऊन गळून पडेल, आणि जे चुकीचं जोडलं जाईल ते आतच राहील!”

भावोजींनी फोन ठेवला आणि टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाले, “मेकॅनिक साठीचे झालेत, हे ती आधी बोलली नव्हती.”

रविवार उजाडला. भावोजींना आता दाखवायला बाजूच उरली नव्हती. एकीकडे बाप, दुसरीकडे सोललेला बटाटा. त्यांनी सकाळी मला सांगितलं, की बाईंना कळवा, मला ताप आहे. मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही, आणि बाई निघाल्याही असतील. मग त्यांनी दिवा न लावता बसायची कल्पना काढली. मी सगळे पडदे उघडले आणि खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. कपाटाकडच्या खुर्चीवर मी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग घातला.

बाई आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली, बसल्या. भावोजी स्वयंपाकघराच्या दारातून आत आले, एकदा एकीकडे वळले, एकदा दुसरीकडे, आणि शेवटी इलाज नाही म्हणून सरळ समोर बघत उभे राहिले. एवढ्या वर्षांत प्रथमच.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “अहो, हे काय? भाजलं का कुठे?”

“गच्चीवर,” भावोजी म्हणाले.

“गच्चीवर काय करत होतात?”

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. खिडकीचा गाल, दाराचा गाल, टायर, टॉवेल. शेवटी म्हणाले, “तुम्ही मला नेहमी चांगल्या बाजूनेच पाहिलं होतं. म्हटलं, दुसरी बाजू बघून तुम्ही नको म्हणाल.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता ही बाई उठून जाते.

“तुम्ही गाडी लावल्यावर मी तुम्हाला दारातून बघायची,” त्या म्हणाल्या. “बरोबर. आणि गाडी काढताना?”

“काढताना?”

“तुम्ही गाडी मागे घ्यायचात, वळवायचात आणि फाटकाकडे जायचात. फाटक कुठे आहे? माझ्या केबिनच्या पलीकडे. वळल्यावर तुमची कोणती बाजू माझ्या काचेसमोरून जायची?”

भावोजींचे हात हवेत उठले. त्यांनी अदृश्य चाक धरलं, रिव्हर्स घेतला, चाक पूर्ण फिरवलं, पुढे आले. आणि तिथेच थांबले.

“खिडकी,” ते म्हणाले.

“रोज. प्रत्येक फेरीला. हातभर अंतरावरून. तुमचं लक्ष फाटकातून आडव्या येणाऱ्या माणसांकडे असायचं. माझं नसायचं.” बाई थोड्या लाजल्या, पण वाक्य त्यांनी शेवटपर्यंत नेलं. “उलट, येताना तुम्ही जरा कृत्रिम दिसायचात. भांग पाडून, हसू ठेवून. जाताना जसे आहात तसे दिसायचात. मला जातानाचे बरे वाटायचे.”

भावोजी खुर्चीत बसले. बसले म्हणजे पडलेच. मी चहा आणायला उठणार होते, पण उठले नाही. असं काही ऐकायला मिळत असताना चहा कोण करणार!

“मग तुम्ही...” भावोजींनी सुरुवात केली.

“थांबा. मला तुमचा राग आलेला आहे,” बाई म्हणाल्या. “गाल बघून पळून जाणारी बाई वाटले मी तुम्हाला? आठवडाभर मी समजत होते की या माणसाला माझं तोंड बघवत नाही. मी भावाला निघायचा दिवस कळवणार होते.”

“कळवला?”

“अजून नाही.” त्या पुढे वाकल्या आणि भावोजींच्या कानशिलाकडे बोट केलं. “ती चकती तुम्ही गाडी चालवत होतात तेव्हापासून आहे. तेव्हा लहान होती. दाखवली का कोणाला?”

“रविवारनंतर दाखवणार होतो.”

“म्हणजे माझ्यामुळे थांबलात?”

भावोजी गालावरचं सालपट चाचपू लागले. मी म्हटलं, “हो, तुमच्यामुळेच. आम्ही दोघी सांगून थकलो.”

बाईंचा चेहरा कडक झाला. “मग माझं ऐका. ती आधी दाखवायची. जे काय निघेल ते निघेल. लपवून ठेवलेल्या दुखण्याशी मी संसार करणार नाही, हे आत्ताच सांगते. भावांची घरं करताना लपवाछपवी पुष्कळ पाहिली आहे मी. दाखवलंत, तर पुढचं बोलू. नाहीतर मी मंगळवारची गाडी पकडते.”

सोमवारी सकाळी आम्ही तिघं त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. लेकीने फोन करून आधी सांगून ठेवलं होतं. थांबायच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब बाक होतं. भावोजी मध्ये, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मी. त्या दिवशी ते कोणाकडे वळले नाहीत, फक्त उजवा पाय जमिनीवर दाबत होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिघांनाही आत बोलावलं आणि आम्हा दोघींना भिंतीकडच्या बाकावर बसवलं. त्यांनी भिंग लावून चकती पाहिली, बोटाने चाचपली, मग दुसरा गाल पाहिला आणि विचारलं, “हे कोणी सांगितलं करायला?”

“माझं मीच,” भावोजी म्हणाले.

डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. ती चकती उन्हानेच आलेली होती. अजून कॅन्सर झालेला नव्हता. पेशींच्या लिखाणात चुका साठल्या होत्या, पण अजून आवरत्या होत्या. तशीच सोडली असती, तर पुढे काय झालं असतं ते सांगता येत नव्हतं, आणि ते जाणून घ्यायची गरज आता नाही, असं ते म्हणाले. त्यांनी एका नळीतून गोठवणारा वायू सोडला. चकती पांढरी पडली. भावोजींनी पायाने ब्रेक दाबला. झालं.

पट्टी लावून डॉक्टर हात धुवायला गेले आणि तिथूनच म्हणाले, “आता फोड येईल, खपली धरेल, ती काढायची नाही. उन्हात जायचं नाही. आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही गाल दाखवायला यायचं, कारण जुनं नुकसान पुसलं जात नाही, त्यावर नजर ठेवावी लागते. सोबत कोण आहे? मी सगळं समजावून सांगतो.”

मी पिशवी खांद्याला लावून उठले. या घराच्या आजारपणात डॉक्टरांसमोर उठायचं काम नेहमी माझंच. यजमानांच्या वेळी मी उठले, जाऊबाईंच्या वेळीही मीच.

पण बाई आधीच उभ्या होत्या.

“मी आहे,” त्या म्हणाल्या. “मला सांगा. सहा महिन्यांनी मीच घेऊन येणार आहे यांना.”

भावोजींनी पट्टीसकट मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर ओरडले, “मान हलवू नका!” पण तोवर ती पूर्ण वळली होती, आणि मी पुन्हा बाकावर बसले होते.